आंकूआबांच्या घरचा पायनांगर

मित्रांनो, आज तुम्ही मला पाहिलंत तर म्हणाल, ही तर एका म्हाताऱ्याची काठी. म्हणा बापडे. काठीसारखं ज्याला वापरतात त्याला काठीच म्हणणार. पण काठी कधी एवढी जाड असते का? तिला मध्येच असा बाक असतो का? आणि खालच्या अंगाला हे वादीचे वळ कसले, हे तर कुणी विचारतच नाही. मी एक जुना पायनांगर आहे. माणसाने पाय देऊन जमिनीत दाबायचा नांगर. आमच्या डोंगरात नांगर ओढायला जनावर नसतं. शेतं कड्यावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली. तिथे वळताना माणसाचीच टाच बांधाबाहेर जाते, जनावर कुठे वळवणार?

माझं झाड ओढ्याच्या खबदाडीत वाढलं. एवढ्या उंचीवर झाडं फार नाहीत, आणि जी आहेत ती वाऱ्याने वाकलेली. आंकूआबा मला पाहायला कितीदा तरी आले. हात फिरवायचे आणि परत जायचे. शेवटी मुलाचं, सायरीचं, लग्न ठरलं तेव्हा कुऱ्हाड घेऊन आले. मुलाच्या लग्नात बापाने त्याला नांगर घडवून द्यायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. बरोबर सायरी होता. तो म्हणाला, "आबा, हे तर वाकडं आहे." आबा म्हणाले, "वाकडंच हवं. सरळ लाकूड जमिनीशी भांडतं. वाकलेलं समजुतीने घेतं. तुझी आई होती तशी." सायरी हसला. आई जाऊन फार दिवस झाले नव्हते, पण आबा तिच्याबद्दल असं बोलत, जणू ती शेजारच्या घरी मीठ मागायला गेली आहे.

आबांनी मला तासलं, घासलं, वर मूठ बसवली, खाली पाय द्यायला आडवी दांडी लावली. लामा म्हणजे आमच्याकडचं ओझी वाहणारं, लोकरीचं जनावर; त्याच्या मानेच्या कातड्याची ओली वादी घेतली आणि दांडी माझ्या अंगाला करकचून बांधली. मग मला उन्हात ठेवलं. मित्रांनो, ओली वादी वाळते तशी आवळत जाते. मला वाटलं, आता जीव जातो. पण त्या आवळण्यामुळेच मी पुढे कधी खिळखिळा झालो नाही. माझ्या टोकाला काशाचं पातं बसवलं. ते पातं सायरीने कमावलेलं होतं. खालच्या खोऱ्यात राजाच्या कामावर पाळी असताना त्याने दगडी बांध इतके नेटके घातले, की कारभाऱ्याने खूश होऊन ते त्याला दिलं. आबा येईल त्याला दाखवायचे. "पोराला बायकोच्या आधी पातं मिळालं बघा," म्हणायचे, आणि आपणच खो-खो हसायचे.

मग तोक्तो घरात आली. बारीक चणीची, खालच्या वस्तीतली मुलगी. येताना माहेरचं बटाट्याचं बियाणं घेऊन आली. जांभळे, पिवळे, वेडेवाकडे बोटांसारखे, एक जात तर अशी गाठीगाठींची, की सोलताना सुनेची परीक्षा व्हावी. आबांनी खरंच तो बटाटा तिच्या हातात दिला. तिने तो न बोलता सोलला आणि साल आबांसमोर धरली. साल अखंड होती. "मामंजी, आता तुम्ही सोलून दाखवा," ती म्हणाली. सायरीचा चेहरा पडला. पण आबांनी गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाले, "या घराला तोंड फुटलं रे बाबा."

माझी कामाची वर्षं म्हणजे या दोघांची वर्षं. पायनांगराचं काम एकट्याचं नव्हे, हे लक्षात घ्या. पुरुष माझ्यावर पाय देतो, मला जमिनीत रोवतो, मूठ मागे ओढतो आणि मातीचा मोठा थर उचलतो. समोर बाई गुडघ्यांवर बसलेली असते, ती तो थर दोन्ही हातांनी उलटते. तो एक पाऊल मागे सरकतो, ती एक पाऊल पुढे येते. अख्खा दिवस दोघं समोरासमोर. आमच्या डोंगरात नवराबायकोला एकमेकांचं तोंड चुकवायची सोयच नाही.

"अहो, पाय द्या पाय. जमिनीला कुरवाळताय काय?" तोक्तो म्हणायची.

"तुझ्या नाकाला माती लागलीय, ती पूस आधी."

"लागू दे. तुम्हाला बघायला छान वाटत असेल तर राहू दे."

मग सायरी माझ्यावर असा पाय मारायचा, की पातं दांडीपर्यंत आत जायचं. मी त्या मातीला ओळखत होतो. ती माती तिथली नव्हतीच, मित्रांनो. कड्यावर माती कुठली? वाडवडिलांनी खाली मोठे दगड रचले, त्यावर खडी, त्यावर वाळू, आणि वर नदीकाठची काळी माती पाठीवरून टोपल्यांनी वाहून आणून पसरली. पुढचा बांध जरा डोंगराच्या अंगाला कलता ठेवला. दिवसा तो दगड ऊन पितो आणि रात्री पिकाला ऊब देतो. पाऊस कितीही पडो, पाणी मुरून खालच्या पायरीला मिळतं. सायरी अशा बांधांचा वेडा होता. कुठे एक दगड फुगलेला दिसला की त्याची झोप उडायची. दगड सरकवायला तो मलाच तरफ म्हणून लावायचा. कमरेपाशी माझ्या अंगावर व्रण आहेत ते तेव्हाचे. दुखायचं, पण मला अभिमान वाटायचा. नांगराला कोण बांध घालायला नेतो?

पेरणीची सुरुवात सूर्याच्या शेतातून, म्हणजे सूर्यदेवाच्या नावाने राखलेल्या शेतातून व्हायची. मग विधवांची आणि आजाऱ्यांची शेतं, मग आपलं. पुरुष ओळीने उभे राहून गाणं उचलायचे, एकदम पाय द्यायचे, आणि समोरून बायका गाण्याचं उत्तर द्यायच्या. मक्याची दारू फिरायची. लामांच्या पाठीवरून खत यायचं. लामाच्या पाठीवर तिच्या मनाहून मूठभर जास्त घाला, ती मटकन बसते, आणि उठवायला गेलं तर तोंडावर थुंकते. तोक्तो म्हणायची, "शहाणी आहे. माणसांनी शिकावं तिच्याकडून." भावकीचा म्होरक्या वारका मला बघून मान डोलवायचा. सूर्याच्या शेतातला पहिला घाव दोन वर्षं सायरीने माझ्याकडून घातला. नांगराच्या जन्मात याहून मोठा मान नाही.

आता मला ते सांगायचं आहे, जे सांगताना अजून माझं लाकूड आतून चरचरतं.

आंकूआबा आमच्या भावकीचे तारे पाहणारे होते. थंडी कडक झाली की पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, पूर्वेच्या धारेवर ताऱ्यांचा एक पुंजका दिसू लागतो. तुम्ही त्याला कृत्तिका म्हणता, आमची माणसं त्याला कोठार म्हणतात. कोठार स्वच्छ, टपोरं दिसलं तर पाऊस वेळेवर येणार, बटाटे नेहमीच्या वेळी पेरायचे. कोठार अंधूक, धुरकट दिसलं तर पाऊस रेंगाळणार, पेरणी पुढे ढकलायची. हे बघायला त्या पहाटे एकटा माणूस वर जातो. बाकीच्यांनी घरात थांबायचं, आभाळाकडे मान वर करायची नाही. दहा जणांनी बघितलं तर दहा मतं होतील आणि भावकी फुटेल, असं जुनी माणसं सांगून गेलेली. आबांचा शब्द एकदाही चुकला नव्हता. त्यांच्या शब्दावर सगळी पायऱ्यापायऱ्यांची शेतं पेरली जायची.

त्या वर्षी आबा नेहमीसारखे वर गेले. मी घराबाहेर भिंतीला टेकलेला होतो. त्याच पहाटे तोक्तोही बाहेर पडली. तिने बटाटे माळावर पसरले होते. आमच्याकडे बटाटे थंडीत असे उघड्यावर गोठवतात, मग पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. तो चुन्यो वर्षानुवर्षं टिकतो. बर्फ नीट धरलंय का, हे बघायला ती गेली होती. वाकून वाकून पाठ भरली, तशी तिने अंग ताणलं आणि सहज मान वर गेली. बघितलं आणि दचकून लगेच खाली घातली. पण बघितलं ते बघितलं. मीही बघत होतो, माझं कोण काय करणार? कोठारातला तारा न् तारा वेगळा दिसत होता.

उन्हं आली तशी आबा खाली उतरले. वारका आणि भावकीची माणसं अंगणात वाट बघत होती. आबांनी कोकाची पानं विड्यासारखी तोंडात घातली, चावली आणि म्हणाले, "अंधूक आहे. फार अंधूक. या साली पाऊस उशिरा. पेरणी मागे घ्या."

तोक्तो दारात उभी होती. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. माझ्याइतक्या जवळून ते कुणी पाहिलं नसेल.

माणसं गेल्यावर तिने सायरीला भिंतीआड गाठलं. माझ्या शेजारीच.

"अहो, कोठार स्वच्छ होतं."

"तू बघितलंस?"

"चुकून बघितलं. पण खोटं नाही सांगत. मोजता येतील असे तारे होते."

सायरी म्हणाला, "परवा आबा भाकरीऐवजी चुलीतला दगड उचलत होते. मी हसण्यावारी नेलं."

"मग जाऊन सांगा त्यांना."

"काय सांगू? तुम्हाला दिसत नाही, असं सांगू? जन्मभर जो माणूस दिसण्यावर जगला त्याला?"

"तुम्हाला जमत नसेल तर मी बोलते मामंजींशी."

"तू बोललीस तर म्हणतील, सून त्या पहाटे मान वर करून हिंडते. भावकी तुला सोडेल? आणि मी बोललो तर बापाचा शब्द मुलानेच पाडला. आपलेच दात, आपलेच ओठ, तोक्तो. एखाद वेळी पाऊस खरंच उशिरा येईल."

ती म्हणाली, "एखाद वेळी." पण तिचा आवाज मेलेला होता. तरी त्या संध्याकाळी तिने आबांसमोर जेवण ठेवताना विचारलंच, "मामंजी, हल्ली धूर डोळ्यांत जातो का हो तुमच्या? पाणी येतं सारखं." आबा कडाडले. "माझ्या डोळ्यांची काळजी तू नको करूस. तुझं सूप खारट झालंय ते बघ." सूप खारट नव्हतं. तिने भांडं उचललं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. सायरी खाली मान घालून जेवत राहिला.

पाऊस वेळेवर आला. वेळेवर कसला, दोन पावलं आधीच आला. माती फुगली, पेरा म्हणून हाका मारू लागली, आणि मी भिंतीला टेकून उभा. सगळ्या डोंगरावरचे नांगर असेच उभे. माणसं आभाळाकडे बघायची, मग आबांच्या घराकडे बघायची. वारका एकदा येऊन म्हणाला, "आबा, पाऊस तर लागला." आबा म्हणाले, "फसवा आहे. थांबा." आणि माणसं थांबली. जन्मभर खरं बोललेल्या माणसावर एवढा विश्वास बसतोच. सायरी माझ्याजवळ आला, मूठ धरली, सोडली. पुन्हा धरली. आपलंच शेत आधी पेरावं असं त्याच्या मनात आलं, हे मला त्याच्या तळव्यावरून कळलं. पण सूर्याच्या शेताआधी कुणी माती उघडत नाही, आणि उघडली असती तर बाप खोटा ठरला असता. तो निघून गेला.

शेवटी पेरणी झाली तेव्हा उशीर झाला होता. रोपं हिरवीगार आली, फुलली सुद्धा. तोक्तोच्या माहेरच्या जांभळ्या जातीला तर इतकी फुलं, की बायका बघायला यायच्या. आणि मग, बटाटा मातीत धरत असतानाच, एका रात्रीत गोठवणारं दहिवर पडलं. वेळेवर पेरलं असतं तर तोवर काढणीला आलं असतं. सकाळी सगळे वाफे काळे. पानांना हात लावला की चुरा. बांधांनी बिचाऱ्यांनी जमेल तेवढी ऊब दिली, त्यांच्या कडेकडेचं थोडं वाचलं. बाकी उकरलं तर गोट्यांएवढे बटाटे. तोक्तो गुडघ्यांवर बसली, माझ्यासमोर, नेहमी बसायची तशी, आणि तिने ढेकूळ उलटलं, आत काहीच नव्हतं, तरी उलटतच राहिली. सायरीने तिला खांद्याला धरून उठवलं.

उपाशी कुणी मेलं नाही, हे खरं. वाऱ्याच्या तोंडावर, उंच उतारावर राजाची गोल कोठारं आहेत. ती उघडली. लामांचे तांडे चुन्यो आणि मका घेऊन आले. सगळ्यांनी खाल्लं. पण फुकटचं खाणं घशाखाली उतरलं तरी पोटात नीट बसत नाही. भावकीत कुजबुज सुरू झाली. आबांना कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. फक्त रस्त्यात भेटलं की माणसं पूर्वी थांबायची, ती आता घाईत असायची.

पुढची थंडी लागायच्या आधी राजाचा कारभारी आला. दूर, चालून चालून तळवे झिजतील एवढ्या लांबच्या एका खोऱ्यात नवीन पायऱ्यांची शेतं घालायची होती. तिथे कायमचं राहायला एक तरुण घर पाठवा, बांध घालणारा माणूस हवा, असं तो वारकाला म्हणाला. एरवी वारकाने हात जोडले असते. आमचीच माणसं आम्हाला पुरत नाहीत, म्हणाला असता, आणि कारभाऱ्याने ऐकलंही असतं. पण इतके महिने राजाच्या कोठारातलं खाऊन आता नाही कोणत्या तोंडाने म्हणायचं?

वारका आमच्या अंगणात आला. आबा तेव्हा वरच्या कपारीत गेले होते. तिथे त्यांची बायको होती. गुडघे उराशी घेऊन बसवलेली, चांगल्या कापडात गुंडाळलेली, आमच्या सगळ्या गेलेल्या माणसांसारखी. आबा रोज चाचपडत तिला चार दाणे मका द्यायला जात.

"सायऱ्या, कुणाचं नाव सांगू?" वारका म्हणाला.

"माझं."

"डोकं फिरलंय का? म्हाताऱ्याला कोण बघेल?"

"तुम्ही बघाल. भावकी बघेल. वारकाकाका, चूक आमच्या घरातून झाली. आता जायचंय तर दुसऱ्या कुणाचं घर का जावं?"

"चूक आभाळाची होती."

सायरीने त्याच्याकडे बघितलं. वारकाने नजर खाली घातली. तेव्हा मला कळलं, मित्रांनो, की वारकालाही माहीत होतं. कदाचित बऱ्याच जणांना माहीत होतं. एकेकाने आपापल्या दारातून आबांना ठेचकाळताना पाहिलं होतं आणि आदराने तोंड फिरवलं होतं.

आबांनी आपल्याबरोबर यावं म्हणून सायरी आणि तोक्तोने खूप विनवलं. आबा म्हणाले, "तुझ्या आईला सोडून कुठे येऊ? तिला मका कोण घालेल?" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

निघायच्या आदल्या दुपारी सायरीने मला मांडीवर घेतलं. मला वाटलं, वादी घट्ट करतोय. तो पातं सोडवत होता. तिकडची माती मऊ, मक्याची. तिथे पायनांगर एवढा लागणार नव्हता, पण बांध घालायला काशाचं टोक हवं होतं. इतकी वर्षं ते माझ्या अंगाला होतं. निघताना चिकटलेली माती भुरुभुरु गळली. सायरीने मला उलटं केलं, सुलटं केलं आणि आबांच्या हातात दिलं. "आबा, चालताना हाताशी असू दे. वाट खडबडीत आहे."

आबा म्हणाले, "मला काठी कशाला? मला दिसतं. पुढच्या सालीही कोठार मीच बघणार आहे."

सायरी उठून बाहेर गेला. लामा बांधायच्या आहेत, म्हणाला. लामा बांधूनच झाल्या होत्या.

तोक्तो मात्र बसून राहिली. ती आबांच्या समोर गुडघ्यांवर सरकली आणि तिने त्यांचे दोन्ही हात धरले. सुनेने असं करायचं नसतं.

"मामंजी, मी उद्या जाणार. मग हे सांगायला कुणी उरणार नाही, म्हणून सांगते. रागवायचं तर रागवा. त्या पहाटे मी बाहेर होते. मान वर गेली. कोठार स्वच्छ होतं."

मला वाटलं आबा ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी मला मांडीवर आडवं घेतलं आणि वादीवरून अंगठा फिरवत बसले.

"मला दोन्ही वाटलं होतं, पोरी," ते म्हणाले. "वाटलं, धुकं आभाळात असेल. वाटलं, माझ्या डोळ्यांत असेल. मग मी आभाळावर ढकललं. आभाळ काही बोलत नाही ना."

"मला हाक मारायची होतीत. मी वर आले असते. बघून तुमच्या कानात सांगितलं असतं, कुणाला कळलंही नसतं."

"तू आली असतीस?"

"न यायला काय झालं होतं?"

आबा हसल्यासारखे झाले आणि मग रडू लागले. म्हाताऱ्या माणसाचं रडणं मला ऐकवत नाही, मित्रांनो. मी लाकूड आहे तरी ऐकवत नाही. तोक्तोने आपल्या लुगड्याच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले. "सायरी याच्यासाठी चाललाय का?" त्यांनी विचारलं. तिने त्यांचे हात पुन्हा घट्ट धरले, आणि त्यांना कळलं.

संध्याकाळी आबांनी वारकाच्या अंगणात जाऊन सगळ्या भावकीसमोर सांगितलं. "माझे डोळे गेलेत. गेल्या वर्षीच गेले होते. पोराला पाठवू नका, मला शिक्षा करा." माणसं रडली, त्यांच्या पाया पडली. वारकाने त्यांना मिठी मारली. पण कारभाऱ्याला शब्द गेला होता, आणि राजाच्या रस्त्यावर निघालेला माणूस मागे वळवायचा अधिकार वारकाला नव्हता. एक दिवस आधी बोलले असते तरी उपयोग झाला नसता. एक वर्ष आधी बोलायला हवं होतं. आबांनी, सायरीने, वारकाने, कुणीही.

सकाळी तांडा निघाला. लामांच्या कानात लाल लोकरीचे गोंडे होते, घुंगरं होती. सायरीने बापाच्या पायांना हात लावला. तोक्तोने तिचं गाठीगाठींचं बियाणं अर्धं आबांच्या ओच्यात घातलं आणि म्हणाली, "भावकीतल्या बायकांना लावायला द्या. साल तुम्ही काढा, येत नसलं तरी." आबा मला टेकून उभे राहिले. खालच्या वळणावर दोघांनी मागे पाहून हात हलवला. आबांनी कितीतरी वेळ हात वर धरून ठेवला, पण चुकीच्या दिशेला. वारका शेजारी होता. त्याने हळूच त्यांचा हात वळवला. तोवर वळण रिकामं झालं होतं.

त्यांचा निरोप पुन्हा आला नाही. रस्ता आहे, पूल आहेत, धावत निरोप नेणारी माणसं आहेत, पण ती राजाचे निरोप नेतात. पोरांचे नाहीत.

आता मी काठी आहे. पात्याशिवाय माझं टोक दगडांवर घासून फुटलं आहे. मुठीला सायरीच्या हाताने पडलेला खळगा आहे, तिथे आता आबांचा हात असतो, पण त्यांचा हात बारीक, खळगा भरत नाही. भावकी आबांचं शेत पेरून देते, जेवण आणून देते. आता कोठार बघायला वारकाचा भाऊ जातो आणि सोबत दोन माणसं नेतो. तेवढी अक्कल भावकीला आली, पण केवढ्याला आली.

या थंडीत, त्याच पहाटे, आबा मला घेऊन वरच्या कपारीत गेले. बायकोसमोर मका ठेवला. मग पूर्वेकडे तोंड करून बसले आणि मुठीवर हात फिरवत राहिले. वारा नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "सायऱ्या, कसं दिसतंय रे कोठार?"

त्यांना माहीत होतं की सायरी तिथे नाही. तरी ते उत्तराची वाट बघत राहिले. मान जरा माझ्याकडे कलती करून, ऐकायला. मला कोठारातला तारा न् तारा दिसत होता. मी जन्मात एवढी धडपड केली नाही, दगडाखाली घातलं तेव्हाही नाही. पण लाकडाला आवाज फुटत नाही. उजाडेपर्यंत आबा तसेच बसले आणि मग मला टेकत टेकत खाली उतरले.

मित्रांनो, नांगराला पुसून ठेवा, वादीला तेल लावा, हे मी सांगायची गरज नाही, ते तुमचे वडीलधारे तुम्हाला सांगतीलच. मी दुसरंच सांगतो. तुम्हाला तोंड आहे. घरातलं म्हातारं माणूस चाचपडायला लागलं, तर आदराने तोंड फिरवू नका. त्यांच्याजवळ बसा, कानात सांगा, हात धरा. रागावतील, सूप खारट म्हणतील, तरी सांगा. आणि कधी तुमच्याच डोळ्यांत धुकं आलं, तर ते आभाळावर ढकलू नका.

आबांनी मला विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. कोठार स्वच्छ होतं, आबा. दोन्ही वर्षी.